एकगठ्ठा खरेदीचा हिशेब : अंबरखान्यापासून दूधसंस्थेपर्यंत

गेल्या हिवाळ्यात वर्गातील मुलांना घेऊन पन्हाळ्यावर गेलो होतो. इतिहासाचा प्राध्यापक मुलांना पन्हाळा दाखवतो म्हणजे काय काय सांगतो, ते तुम्हां शिक्षक मंडळींना ठाऊक आहेच. सिद्दी जौहरचा वेढा, आषाढातली ती रात्र, बाजीप्रभू. अंबरखान्याशी आलो आणि गंगा, यमुना, सरस्वती या तीन कोठारांची माहिती दिली. एकट्या गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावे असे सांगतात, हेही सांगितले. तेव्हा मागच्या रांगेतला एक करवीर तालुक्याचा मुलगा म्हणाला, "सर, एवढं धान्य एकदम कशाला भरून ठेवायचं? महिन्याच्या महिन्याला थोडं थोडं आणलं असतं तर?"

वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. प्रश्न खराच चांगला होता. एकदम किती घ्यावे आणि कितीदा घ्यावे, हा प्रश्न राजाला पडला, व्यापाऱ्याला पडला, कारखानदाराला पडला, आणि तुमच्या गावच्या दूधसंस्थेच्या सेक्रेटरीला तर तो दर महिन्याला पडतो. या प्रश्नाला स्वतःचा एक इतिहास आहे. आज तोच सांगायचे योजले आहे.

त्या मुलाला मी जागीच दिलेले उत्तर असे : बाबा रे, किल्ल्याची कोठी काटकसरीसाठी नसते, ती वेढ्यासाठी असते. १६६० च्या मार्चमध्ये वेढा पडला आणि महाराज जुलैमध्ये निसटले. मधल्या चार महिन्यांत 'महिन्याच्या महिन्याला' कोण आणून देणार होते? धान्य संपले की किल्ला गेला. संपण्याची किंमत जिथे सारे राज्य आहे, तिथे साठवणीचा खर्च कोणी मोजत बसत नाही. तेव्हा अंबरखान्याकडे बोट दाखवून "पहा, आपले पूर्वज कसे घाऊक घेत!" असे कोणी म्हणेल, तर ते खरे नव्हे. तो हिशेबच निराळा.

पण साठवणीला खर्च असतो, हे त्या लोकांना पक्के माहीत होते. चिपळूणजवळ दळवटण्याला मराठ्यांचे घोडदळ छावणीला होते. त्या छावणीच्या जुमलेदार-हवालदारांना महाराजांनी पाठवलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. ते राज्याभिषेकाच्या आसपासच्या वर्षांतले. शाळेत आपण ते रयतेच्या कळवळ्याचे पत्र म्हणून शिकवतो, आणि ते तसे आहेच. पण एकदा कोठावळ्याच्या नजरेने वाचून पहा. पावसाळ्याची बेगमी म्हणून दाणा-वैरण एकदा जमा केली आहे. आताच ती मनास येईल तशी उधळलीत, तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरी शिराल आणि रयत म्हणेल की याहून मोगल बरे. त्यापुढे आणखी बारीक गोष्ट येते. दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, म्हणून दिवे सांभाळा. साठा म्हटला की उंदीर आला, आग आली, पाऊस आला.

हीच जाण आपल्या जिल्ह्यातल्या एका ग्रंथातही आहे. गगनबावड्याचे रामचंद्रपंत अमात्य यांचे आज्ञापत्र १७१५-१६ च्या सुमाराचे, करवीरच्या संभाजीराजांसाठी लिहिलेले. त्यातल्या गडकोटांच्या प्रकरणात कोठी कशी असावी, पाणी-वाळवी-उंदीर यांपासून ती कशी राखावी, दारूगोळा वस्तीपासून दूर ठेवून ठराविक दिवसांनी बाहेर काढून त्याला ऊन कसे द्यावे, हे सारे आहे. आता, ऊन द्यायचे म्हणजे माणसे लागणार आणि त्यांचे दिवस मोडणार. साठा सांभाळायला सतत काही तरी खर्चावे लागते, हे त्यातून उघडच दिसते. मात्र त्यांना आजचे सूत्र माहीत होते, असे मी म्हणणार नाही. जुन्या कागदांत नवे शास्त्र शोधण्याची आपल्याला फार हौस. मला ती नाही. एका पारड्यात साठवणीचा खर्च आणि दुसऱ्यात वारंवार आणण्याचा खर्च टाकून आकडा काढणे, ही गोष्ट पुष्कळ पुढची आहे.

मधल्या काळात काय झाले, ते आपल्या कोल्हापुरातच पाहावे. कोल्हापूर संस्थानची रेल्वे मिरजेपर्यंत १८९१ साली सुरू झाली आणि १८९५ साली शाहू महाराजांनी शाहूपुरी पेठ वसवून गुळाच्या व्यापाराला घर दिले. रेल्वेने एक नवी चीज आणली : पूर्ण वॅगनचा दर. थोडा माल पाठवला तर मणामागे भाडे जास्त, वॅगन भरून पाठवला तर कमी. ही घाऊक सुटीची पायरीच झाली. पायरीच्या खाली एक दर, पायरी चढली की दुसरा. आता व्यापाऱ्याला मोह पडणारच की थांबू, वॅगन भरू, मग लादू. पण गूळ थांबत नाही. रव्यांची थप्पी लावून ठेवली आणि दमट हवा लागली की गूळ पाघळू लागतो, त्याचा रंग उतरतो, आणि रंग उतरला की सौद्यात भाव उतरतो. शिवाय त्यात अडकलेल्या पैशाचे व्याज. तेव्हा थांबायचे किती, हे गूळबाजारातला माणूस अंदाजाने ठरवी. तो अंदाज बहुधा बरोबर येई, कारण चुकणारा पेढीवर फार दिवस टिकत नसे.

अंदाजाचे सूत्र झाले ते अमेरिकेत, १९१३ साली. फोर्ड व्हिटमन हॅरिस नावाचा एक इंजिनिअर होता. कॉलेजचे तोंड न पाहिलेला, स्वतःच शिकलेला हा माणूस पिट्सबर्गच्या वेस्टिंगहाऊस कारखान्यात काम करून आला होता. कारखान्यांच्या व्यवस्थापनाला वाहिलेल्या एका मासिकाच्या फेब्रुवारीच्या अंकात त्याने एक छोटा लेख लिहिला. विषय एवढाच की एका वेळी किती नग तयार करावेत. पुढे हा गृहस्थ पेटंटचा वकील झाला आणि १९६२ साली वारला. दरम्यान १९३४ साली आर. एच. विल्सन यांनी साठ्याच्या व्यवस्थेवर लेख लिहिला, तो गाजला, आणि कित्येक पुस्तकांत सूत्राला विल्सनचेच नाव लागले. हॅरिसचा मूळ लेख अभ्यासकांच्या नजरेआड गेला तो कित्येक दशके. १९९० साली तो पुन्हा छापला गेला. घर एकाने बांधावे आणि उताऱ्यावर नाव दुसऱ्याचे लागावे, हा प्रकार आपल्याला काही नवा नाही.

बरे, ते सूत्र काय? शिक्षक मंडळींनी फळ्यावर मांडावे, इतके ते सोपे आहे. वर्षाची गरज आणि एका खेपेचा ठराविक खर्च यांचा गुणाकार करावा, त्याची दुप्पट करावी, तिला एक नग वर्षभर सांभाळण्याच्या खर्चाने भागावे, आणि आलेल्या संख्येचे वर्गमूळ घ्यावे. झाले. एका वेळी तेवढे घ्यावे.

उदाहरणाशिवाय हे पटायचे नाही, म्हणून आपण एक गाव कल्पू. त्या गावच्या दूधसंस्थेत वर्षाला पशुखाद्याची १२०० पोती खपतात आणि खप बारा महिने सारखा असतो, असे धरू. पोत्याचा दर १५०० रुपये. गाडीभाडे पोत्यामागे असते, ते दरातच आले. पण प्रत्येक खेपेला माणूस जातो, ड्राफ्ट काढावा लागतो, कागदपत्रे होतात, गुदाम झाडून घ्यावे लागते, संचालकांपैकी कोणाचा तरी दिवस मोडतो. पोती पन्नास असोत की पाचशे, हा खर्च तेवढाच. तो १२५० रुपये धरू. आणि एक पोते वर्षभर ठेवले तर? बँकेचे व्याज, उंदीर, ओल, फाटलेली पोती, असे सारे मिळून दराच्या वीस टक्के, म्हणजे ३०० रुपये.

आता करा गणित. १२०० गुणिले १२५० म्हणजे पंधरा लाख, दुप्पट तीस लाख, भागिले ३०० म्हणजे दहा हजार, वर्गमूळ शंभर. एका वेळी शंभर पोती, वर्षात बारा खेपा. खेपांचा खर्च १५,००० रुपये. गुदामात सरासरी पन्नास पोती राहणार, म्हणून सांभाळण्याचा खर्चही १५,००० रुपये. दोन्ही पारडी सारखी झाली, हीच या सूत्राची खूण. मालाची किंमत अठरा लाख, वर तीस हजार. एकूण १८,३०,००० रुपये.

इथवर हॅरिस. पण आपल्या सेक्रेटरीसमोर खरा पेच उभा राहतो तो पुढेच. विकणारा हसत हसत म्हणतो, "साहेब, दोनशे पोती एकदम उचला, दोन टक्के सूट. सहाशे उचला, तीन टक्के." आता सूत्र काय कामाचे? सूत्रात तर दर एकच धरला आहे.

उत्तर असे की सूत्र फेकून द्यायचे नाही, ते प्रत्येक दराला पुन्हा लावून पाहायचे. १४७० रुपये दर धरला तर सांभाळण्याचा खर्च पोत्यामागे २९४ होतो आणि सूत्र म्हणते, सुमारे १०१ पोती. पण १०१ पोत्यांना तो दर मिळतच नाही! मग त्या दराला सर्वांत कमी किती घ्यावी लागतात? दोनशे. म्हणून दोनशेचा हिशेब करायचा. खेपा सहा, त्यांचे ७,५०० रुपये. सरासरी साठा शंभर पोत्यांचा, त्याचे २९,४०० रुपये. माल १७,६४,००० रुपयांचा. बेरीज १८,००,९०० रुपये. पहिल्यापेक्षा २९,१०० रुपये वाचले. घ्यावी ही सूट, बेलाशक घ्यावी.

आता सहाशेची पायरी. दर १४५५, सांभाळण्याचा खर्च पोत्यामागे २९१. खेपा दोनच, २,५०० रुपये. माल १७,४६,००० रुपयांचा. छान दिसते, नाही का? पण गुदामात सरासरी तीनशे पोती बसली. त्यांचे ८७,३०० रुपये. बेरीज १८,३५,८०० रुपये. म्हणजे सूट मुळीच न घेता शंभर-शंभर पोती आणली असती, त्याहूनही ५,८०० रुपयांनी महाग. सूट मोठी, आणि तोटाही मोठा.

सुटीचे पैसे बिलावर छापलेले असतात. व्याजाचे, ओलीचे आणि उंदरांचे पैसे कोणत्याही बिलावर छापलेले नसतात, म्हणून हा तोटा दिसत नाही. एका गावी हे मी स्वतः पाहिले आहे. गावाचे नाव घेत नाही. माणसे ओळखीची आहेत. संस्थेने मृगाच्या तोंडावर ट्रकभर खाद्य उचलले. चेअरमननी सभेत सूट वाचून दाखवली, टाळ्या पडल्या. श्रावणात खालच्या थराची पोती उघडली तर आत गोळे झालेले आणि बुरशीचा वास. बुरशी आलेले खाद्य म्हशीला घालणे धोक्याचे, तेव्हा ते टाकावे लागले. त्यानंतरच्या सभेत टाळ्या तर नव्हत्याच, पण हिशेबही कोणी मागितला नाही. मला वाईट वाटले ते याचेच. कारण गेलेले पैसे कोणा एकाचे नव्हते, दहा-दहा लिटर दूध घालणाऱ्या बायामाणसांचे होते.

एक सूचना इथे केली पाहिजे. खप बारा महिने सारखा असला तरच हे गणित सरळ लागते. उसाचे खत, जूनमधल्या वह्या यांना ते जसेच्या तसे लावू नये. तिथे हंगाम आधी पाहावा. दुसरे असे की सूत्राचा आकडा थोडा इकडे-तिकडे झाला तर फार बिघडत नाही. शंभरऐवजी दीडशे पोती आणली असती, तर खर्च तीस हजारांऐवजी साडेबत्तीस हजार झाला असता, इतकेच. लहान पायरी चढायला हरकत नसते, ती म्हणूनच. उंच पायरीला मात्र गुडघे दुखतात.

मग लहान माणसाने मोठी सूट घ्यायचीच नाही का? इतिहासात याला एक उत्तर सापडले आहे, आणि ते गणितज्ञांनी दिलेले नाही. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावी १८४४ च्या डिसेंबरात २८ विणकर-कारागिरांनी एक दुकान उघडले. माल म्हणजे पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या. एकेकट्याला घाऊक भाव मिळत नव्हता, म्हणून सगळ्यांची गरज एकत्र केली. सहकाराची ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पण त्यातली एक खुबी सहसा सांगितली जात नाही. वर्तावळा वाटायचा तो सभासदाने त्या अवधीत एकंदर किती खरेदी केली त्यावर, एका वेळी किती उचलले त्यावर नव्हे. आता विचार करा. सूट 'एका खेपेवर' असली, की माणूस घरात थप्पी लावतो. सूट 'एकूण खरेदीवर' असली, की थप्पी लावण्याचे कारणच उरत नाही. आठवड्याला शेरभर पीठ नेणाऱ्या बाईलाही वर्षअखेर तिचा वाटा मिळतो, आणि तिच्या घरी उंदीर वाढत नाहीत.

हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ साली झाला. १९१२ च्या कायद्याने खरेदी-विक्रीच्या संस्थांनाही वाट मोकळी झाली. आपल्याकडे १९३९ साली तात्यासाहेब मोहिते यांच्या पुढाकाराने शेतकरी सहकारी संघ उभा राहिला. शेतकऱ्याचा गूळ विकणे आणि त्याला लागणारी खते पुरवणे, अशा दोन्ही बाजू त्याने धरल्या. 'बैल छाप' खताचे पोते ज्याच्या बांधावर उतरले नाही, असा जुना शेतकरी या जिल्ह्यात शोधावा लागेल. पुढे १९६३ साली जिल्हा दूध संघ झाला, ज्याला आपण 'गोकुळ' म्हणून ओळखतो. मोठ्या संघाचे महत्त्व सहसा भावासाठी सांगितले जाते. मला वाटते, निम्मे महत्त्व गुदामाचे आहे. वॅगनभर माल घ्यायचा तो संघाने; शेतकऱ्याने चार पोती उचलायची. मोठ्या गठ्ठ्याचा दर खालपर्यंत यावा आणि मोठ्या साठ्याचे ओझे वरच राहावे, असा हा घाट. तो सर्व ठिकाणी, सर्व काळ नीट चालला, असा दावा मी करीत नाही. संघाच्या गुदामातही पाणी शिरते. पण घाट बरोबर होता.

त्या बुरशीच्या गावच्या सेक्रेटरीची आणि माझी पुढे एकदा एस. टी. स्टँडवर गाठ पडली. मी खिशातला कागद काढून वरचे गणित त्यांना दाखवले. ते हुशार गृहस्थ. बराच वेळ आकडे पाहून म्हणाले, "सर, सहाशेचा दर आणि शंभराची उचल, असं जमलं तर?"

तिथेच बाकावर बसून आम्ही तोही हिशेब केला. दर १४५५; बारा खेपांचे १५,००० रुपये; सरासरी पन्नास पोत्यांचे १४,५५० रुपये; माल १७,४६,००० रुपयांचा. एकूण १७,७५,५५०. दोनशेच्या पायरीपेक्षाही २५,३५० रुपये कमी. यासाठी विकणाऱ्याशी करार सहा महिन्यांचा करायला हवा, पैसे उचलीप्रमाणे द्यायचे असे ठरायला हवे, आणि मध्येच दुसरीकडून माल घेणार नाही असा शब्द संस्थेने द्यायला हवा. विकणारा हे का मानील? कारण त्यालाही पुढच्या सहा महिन्यांचा खप आधी कळतो, आणि त्याच्या कारखान्यात एका वेळी किती माल तयार करावा, हा हॅरिसचा मूळ प्रश्न त्याला सोपा होतो. एक संस्था म्हणाली तर तो कदाचित मानणार नाही. शेजारच्या चार गावांच्या संस्था मिळून म्हणाल्या, तर त्याला दोनदा विचार करावा लागेल.

त्यांची गाडी लागली. कागद त्यांनी घडी करून बंडीच्या खिशात ठेवला. पुढच्या मासिक सभेत चारही गावच्या सेक्रेटरींना चहाला बोलावतो, असे म्हणाले.